ओंजळभर पाणी

कमरेखालचं अंग बधिर झालेलं असलं तरी वर्तकबाईंचे कान जागे होते. हिरव्या पडद्यापलीकडे त्यांची जुनी विद्यार्थिनी, डॉक्टर निलोफर, दुर्बिणीतून त्यांचा मुतखडा फोडत होती. गेल्या खेपेला दुसरीकडे याच शस्त्रक्रियेनंतर जंतू रक्तात पसरले आणि बाई मरता मरता वाचल्या होत्या.

"मॅडम, खड्याच्या चुऱ्यामुळे काही दिसत नाही. तो धुवायला आत सोडलेल्या पाण्याचा जोर वाढवू?" मदतनीस डॉक्टरने विचारलं. बाईंनी डोळे घट्ट मिटले.

"नको. जोराने जंतू रक्तात ढकलले जातात. हळूच सोड, मी थांबते."

मिटल्या डोळ्यांपुढे शाळेची बाग आली. वांग्यांच्या कोवळ्या रोपांवर चौथीतल्या निलोफरने अख्खी बादली उपडी केली होती. रोपं वाहून गेल्यावर हमसून हमसून रडली होती. "पाणी पाजायचं, ओतायचं नाही," म्हणत बाईंनी नवी रोपं लावून तिला ओंजळ धरायला शिकवलं होतं.

"निलू, वांगी आली होती का गं शेवटी?" त्यांनी पडद्याआडून विचारलं.

"आली होती की, बाई. तुम्हीच भरीत करून खायला घातलंत. आता बोलू नका, ओंजळ हलते."