पिवळा मोजा बांधलेली बॅग

डोंगरावरच्या राष्ट्रीय उद्यानात मुक्कामाला खोली शोधताना मास्तरीणबाईंचं बोट मोबाइलवरच्या एका फोटोवर थबकलं. पलंगाशी त्यांचीच हिरवी बॅग होती. गर्दीत ओळखू यावी म्हणून हँडलला बांधलेला नवऱ्याचा पिवळा मोजासुद्धा होता.

"अहो, ही आपली बॅग ना?"

"आपली माळ्यावर आहे," नवरा पेपरातून मान वर न काढता म्हणाला.

दुसऱ्या हॉटेलच्या फोटोतही तीच बॅग, दाराजवळ.

तिसऱ्या लॉजच्या फोटोत मात्र बॅग नव्हती. बाईंनी झटकन बुकिंग केलं, तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला. तरी खात्रीला म्हणून नवऱ्याला माळ्यावर चढवलं.

"आहे गं, धूळ खात पडलीय."

बाई स्वतःशीच हसल्या.

"पण एवढ्यात भरून कशाला ठेवलीस? उचलवत नाहीये."