दोन बॅटऱ्या

मनवाला तिच्या आईचं राजूरचं घर विकायला लावून अनीशनं भंडारदऱ्याच्या पाण्यात शिडाची बोट आणली, तेव्हापासून ती त्या बोटीकडे फिरकलीही नव्हती. त्यामुळे बॅटरी घ्यायला ती आपणहून नगरच्या दुकानात सोबत आली, तेव्हा त्याला वाटलं, चला, राग निवळला.

"इंजिन, दिवे, फ्रिज, सगळ्याला मिळून एकच मोठी बॅटरी बास की," तो म्हणाला.

"नको. इंजिन सुरू करायला वेगळी घे," मनवा म्हणाली. "दिवसभर फ्रिज चालवून तीच उतरली, तर परत कसं यायचं?"

अनीशनं खुशीत दोन्ही घेतल्या.

रविवारी दोघं बोटीनं पार आतपर्यंत गेले. ऊन कलायला लागलं तसा वारा पडला आणि शीड लोंबायला लागलं. इंजिन लावायला गेले, तर खालच्या पंख्यात दोर अडकलेला. अनीश पाण्यात उतरला, पण लाइफ जॅकेटमुळे त्याला बुडी मारता येईना.

"जॅकेट दे इकडे," मनवानं हात पुढे केला. त्यानं ते काढून दिलं.

बऱ्याच बुड्या मारल्यावर दोर सुटला. पाणी गार होतं, त्याला धाप लागली होती.

"सुटला गं!" तो वर येऊन म्हणाला. "आता मला हात दे."



इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं, आणि मागे न बघता मनवानं बोट काठाकडे वळवली.