दक्षिणेचं दार

"अगं शेवंते, दार दक्षिणेला? ती यमाची दिशा!" मोठे दीर वरून ओरडले. मी भरलेलं घमेलं त्यांच्या पायाशी आपटलं.

टीव्हीवर युद्धाच्या बातम्या सुरू झाल्यापासून मी परसात हे भुयार खणत होते. अणुबॉम्ब पडलाच, तर त्याच्या विषारी धुळीपासून घराला आसरा हवा. छताला जुन्या दारांच्या जाड फळ्या टाकल्या, त्यावर दोन हात माती. गल्ली हसली. नवराही हसायचा, पण हसत हसत घमेली उचलायचा.

"तुझी सून आठव्या महिन्यात आहे आणि तू परसात थडगं बांधतेस?"

"थडग्यावर कुणी भोपळा लावतं का, भावोजी?" छतावरच्या मातीत मी कालच बी टोचलं होतं.

"आणि दक्षिणेकडून यम आला म्हणजे?"

"येऊ दे की! कसा येतो, तुम्हीच बघा चालून."

ते तरातरा आत शिरले आणि त्यांचं कपाळ समोरच्या भिंतीवर आपटलं. वाट तिथे एकदम काटकोनात वळते.

"बॉम्बचे किरण सरळ येतात, म्हणून वाट वाकडी ठेवलीय," मी कंदील धरत म्हणाले. "तुमचा यमही इथेच आपटेल."

कपाळ चोळत ते आत आले. त्यांनी वर पाहिलं. मधल्या तुळईला मी लोखंडी कडी ठोकली होती.

"ही कशाला?"

"पाळण्याला," मी म्हणाले. "आणि यम वाटेत भेटलाच, तर सांगा त्याला. बारशाचं बोलावणं त्याला नाही."