शेजारची सीट

"आजोबा, एकच विचारतो. आपण गाडीत होतात की गाडीखाली?"

विमा कंपनीचे सर्व्हेअर नगरकर पेन उघडून बसले होते. कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या हॉलमध्ये अनंतराव कॉटवर आडवे, डावा पाय मांडीपर्यंत प्लॅस्टरमध्ये, आणि भोवती सगळं घर तोंडी परीक्षेला आल्यासारखं.

खरं म्हणजे ते खालीच होते. चार दिवसांपूर्वी वारज्याच्या शोरूममध्ये नव्या गाडीची पूजा झाली, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. एक लिंबू घरंगळलं. अनंतरावांना जागचं हललेलं काही बघवत नाही, म्हणून ते वाकले. तेवढ्यात चिरंजीव केयूर यांनी ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला. गाडी आयुष्यात एकूण अकरा फूट चालली. त्यातलं दीड फूट अनंतरावांच्या पायावरून, बाकीचं शोरूमच्या खांबापर्यंत.

पायात प्लेट टाकायला लागेल, असं डॉक्टर म्हणाले.

"टाकू की," केयूर म्हणाला. "पण आधी गाडीचं मार्गी लागू दे. ती गॅरेजमध्ये दिवसाला पाचशे रुपये भाडं खातेय. पाय काय, घरातच आहे."

अडचण एवढीच, की केयूरचं लायसन शिकाऊ. शेजारच्या सीटवर पक्क्या लायसनचा माणूस बसलेला असेल तरच कंपनी पैसे देणार, नाहीतर साडेतीन लाख घरातून. आणि घरात पूर्वी कधी गाडी चालवलेला माणूस म्हणजे एकटे अनंतराव.

"सांगा ना बाबा," सून ऋचा गोड आवाजात म्हणाली. सकाळपासून तिनं त्यांना दोनदा आल्याचा चहा दिला होता, तोही न मागता.

अनंतरावांनी बायकोकडे पाहिलं. सरोजिनीबाई पंख्याकडे बघत होत्या. छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवताना अनंतरावांनी कुणाला अर्धा मार्क फुकट दिला नव्हता.

"गाडीत," ते म्हणाले. "शेजारी."

"मग हा पाय?"

"बाथरूममध्ये घसरले," सरोजिनीबाईंनी पंख्याला सांगितलं. "त्याच दिवशी. संध्याकाळी. साबण होता."

"दिवसच वाईट," नगरकर म्हणाले आणि लिहून घेतलं. "इथे सही करा. आणि इथे. पाय गाडीमुळे मोडलेला नाही, असं लिहिलंय, त्याच्याखाली."

अनंतरावांनी दोन्हीकडे सही केली. केयूरचा जीव भांड्यात पडला. ऋचानं पोह्यांची बशी पुढे केली. नगरकरांनी शेवटचा शेंगदाणा वेचून खाल्ला, हात पुसले.

"आता आजोबांचं लायसन दाखवा."

कपाटातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून ते निघालं. नगरकरांनी उलटसुलट करून पाहिलं.

"हे तीन वर्षांपूर्वी संपलंय. क्लेम बसत नाही."

"काय हो बाबा," केयूर म्हणाला. "एवढं साधं रिन्यू करता येत नाही तुम्हाला?"

"निघालो होतो करायला. तूच म्हणालास, या वयात कशाला, कुणाला मारायचंय का."

केयूरनं लायसन परत पिशवीत कोंबलं. मग म्हणाला, "ऑपरेशनसाठी तुमची एफडी मोडायची होती ना, ती गाडीला घालू. प्लेटचं दिवाळीनंतर बघता येईल."

सरोजिनीबाईंची नजर पंख्यावरून हलली नाही. अनंतराव कोपरावर उठून बसले.

"नगरकर, मी खाली होतो. आत्ताचं हे खरं."

नगरकर दारात बूट घालत होते.

"मघाशी बोलायचंत. पायाची भरपाई तरी मागता आली असती." त्यांनी सह्यांचा कागद बॅगेत सरकवला आणि चेन लावली. "गाडीखाली यायला लायसन लागत नाही, आजोबा."