उजवं मागचं चाक

धार काही लागेना.

बैकानूरच्या माळावर बस थांबली होती. अवकाशस्थानकाकडे निघालेल्या तिघांचा प्रमुख रोदिओन उजव्या मागच्या चाकापाशी उभा होता. जाडजूड पोशाखाच्या नाड्या सोडलेल्या, तोंडाला कोरड. रॉकेटात चढण्याआधी या चाकावर लघवी करायची, हा इथला जुना रिवाज. पहिला मान प्रमुखाचा. चाक कोरडं राहिलं तर रॉकेट रुसतं म्हणे.

गेल्या खेपेला त्याचं रॉकेट दोन मिनिटांतच रुसलं होतं. अवकाशकुपीसकट तो याच माळावर आदळला. वाचला. पण तेव्हापासून छातीत काहीतरी थरथरत होतं, आणि ते त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

दहा पावलांवर डॉक्टर लुक्यान घड्याळ बघत उभे. मागच्या बसमध्ये राखीव प्रमुख, तस्साच पोशाख चढवून बसलेला.

"काय रोदिओन साव्हेलिच, नळ आटला वाटतं?" डॉक्टर ओरडले. "भ्यायलेल्या माणसाची आधी हीच वाट बंद होते, बरं का! तसं असेल तर सांगून टाका. मागच्या बसमधला गडी तयारच आहे."

"वारा कुठला आहे ते बघतोय!" रोदिओन खेकसला.

एक मिनिट गेलं. दोन गेली. त्याने डोळे मिटून गावाकडची नदी आठवली, घरातला गळका नळ आठवला. थेंब नाही. डॉक्टरांची पावलं करकरत जवळ येऊ लागली.

तेवढ्यात बसचा म्हातारा चालक सेरिकबाय चाकाची हवा बघायला म्हणून शेजारी वाकला. कोटाखालून त्याने थर्मास काढला आणि कोमट चहा चाकावर सोडला. आवाज झकास झाला.

"शाब्बास!" म्हणत डॉक्टरांनी पाठ फिरवली.

रोदिओनने घाईघाईने नाड्या आवळल्या. "सेरिकबाय काका, कुणाला बोलू नका. माझ्या एकट्याचंच असं..."

"एकट्याचं?" म्हातारा मिशीत हसला. "अरे बाळा, सव्वीस वर्षं बस हाकतोय. एकजात सगळे प्रमुख इथे कोरडे. हे चाक चहावरच पोसलंय. आणि थर्मास सकाळी कोण भरून देतं? तेच, आपले डॉक्टर!"

"कुणालाच जमलं नाही?"

"एकाला जमलं. शीळ घालत, अगदी निवांत, भीतीचा लवलेश नाही. डॉक्टरांनी त्याला इथूनच घरी धाडला."