डावी कड

बुधवार, ३ नोव्हेंबर १९९९, दुपारचे चार वाजून वीस मिनिटे. टीव्हीवर थांबवलेल्या चित्रात अकरा माणसे होती. मधोमध भव्या, हातात हार. अंतरपाट नुकताच दूर झालेला. नवरा तिच्याकडे बघत होता. तिची नजर मात्र त्याच्या खांद्यावरून पलीकडे, डावीकडे, चित्राच्या बाहेर गेली होती.

"तेच बघ," गुंडूरावांची थोरली बहीण, भाग्यलक्ष्मीअक्का म्हणाल्या. "कॅसेटवर होतं तेच इथं. नवरा समोर उभा, आणि पोरगी बघते पाहुण्यांकडे. तिच्या ऑफिसातली पोरं त्याच बाजूला बसली होती की रे, गुंडू."

"अक्का, स्वल्प गप्प राहा," गुंडूराव म्हणाले.

"मी गप्प राहीन. कॅसेट बघितलेल्या राजाजीनगरातल्या बायका राहतील का?"

चकलीचे पीठ सुनंदाबाईंच्या बोटांवर वाळत होते. लग्न लागताना मुलीच्या आईने बघायचे नसते. तिने पाठमोरे उभे राहून तुळशीला पाणी घालत राहायचे असते. त्याप्रमाणे त्या उभ्या राहिल्या होत्या. लेकीचे लग्न त्यांनी पाहिले ते कॅसेटवर, आणि पाहिले ते हे. भव्याचे वडील म्हणून गुंडूराव त्या वेळी तिच्या मागे होते. त्यांना फक्त तिची वेणी दिसली होती. स्थळ त्यांनीच आणले होते.

"परवा दिवाळसणाला येतील दोघं," सुनंदाबाई म्हणाल्या. "मी विचारणार आहे तिला. तुझ्या मनात नव्हतं का, म्हणून."

"विचारलेलं परत घेता येत नाही," गुंडूराव म्हणाले.

"माहीत आहे."

दोन दिवस गुंडूराव या यंत्राशी झगडत होते. व्हीसीआरवर चित्र थांबवले की थरथरे. चेहरा वाचता येत नसे. म्हणून त्यांनी चामराजपेटेतल्या दुकानातून कॅसेटची सीडी करून आणली. संगणक जुना, त्यावर मासिकाबरोबर मिळालेली लिनक्स प्रणाली; मॉनिटर विजेच्या झटक्याने गेलेला, म्हणून त्याच्या जागी टीव्ही जोडलेला. आधी चित्र वरून खाली धावत सुटले. संगणकातले चित्राचे कार्ड अमेरिकी पद्धतीने सेकंदाला साठ वेळा चित्र पाठवत होते. त्यांनी ते इथल्या टीव्हीला चालणाऱ्या पन्नासवर आणले. मग आवाज पुढे आणि चित्र मागे राहू लागले. नको असलेले कार्यक्रम त्यांनी एकेक करून बंद केले. आता दोष उरला नव्हता. थरथर गेली होती. भव्या अगदी स्थिरपणे दुसरीकडे बघत होती.

"बंद करा आता," सुनंदाबाई म्हणाल्या. "डोळे बघा कसे झालेत."

गुंडूरावांनी चित्र मिटवले. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी आल्या. प्रत्येक ओळीची पहिली दोन अक्षरे दिसत नव्हती. गेले दोन दिवस ती नव्हतीच. पण आज्ञा त्यांना पाठ होत्या, त्यामुळे काही अडले नव्हते. यंत्र बंद करण्याची आज्ञा त्यांनी अर्धी लिहिली आणि हात थांबवला.

एकाच वाटेने येणाऱ्या दोन गोष्टींत दोषही एकच असतो, हे तंत्रनिकेतनात पहिल्या वर्षी शिकवले जाई. अक्षरे पाठ होती. लग्नातली माणसे पाठ नव्हती.

"काय झालं?" सुनंदाबाईंनी विचारले.

"टीव्ही कडा खातो."

"म्हणजे?"

"पडद्याच्या चौकटीमागे थोडं चित्र लपतं. सगळ्या टीव्हींचं असंच असतं. कॅसेट बघतानाही लपलं असणार. कुणाला कळत नाही."

पडद्याच्या मापांची फाईल त्यांनी उघडली. पाठीत कळ होती. ती बाजूला ठेवून त्यांनी आकडे बदलले आणि पडदा पुन्हा सुरू केला. टीव्ही काळा झाला आणि काळाच राहिला.

"गेलं वाटतं," अक्का म्हणाल्या. "होतं ते तरी राहू द्यायचं."

गुंडूरावांनी अंदाजाने, न दिसणाऱ्या अक्षरांत, एक आकडा मागे घेतला. पडदा उजळला. ओळी डावीकडून पूर्ण दिसू लागल्या. त्यांनी सीडी पुन्हा लावली आणि त्याच क्षणावर थांबवली.

"चित्र लहान झालं की," अक्का म्हणाल्या. "चहूकडून काळी पट्टी."

"लहान झालं, पण पुरं आलं."

डाव्या कडेला, पूर्वी टीव्हीची चौकट होती तिथे, एक कुंडी दिसत होती. कुंडीत तुळस. तिच्यापुढे पाठमोरी एक बाई, हिरव्या शालूतली, खाली मान घातलेली. हातातला तांब्या पार उपडा झाला होता आणि त्यातून पाणी पडत नव्हते.

भव्या त्या पाठीकडे बघत होती.

सुनंदाबाई टीव्हीजवळ गेल्या. पिठाचा हात त्यांनी काचेला लावला नाही. थोडा अलीकडेच धरला.

"पाणी संपलं होतं," त्या म्हणाल्या. "मंगलाष्टकं संपेपर्यंत तसाच धरून राहिले."

अक्का खाली बघत म्हणाल्या, "वळायचं नसतंच ग, सुनंदा. तू तरी काय करणार."

"एकदा वळले असते तर..."

स्वयंपाकघरात तेल तापून धुराचा वास येऊ लागला होता. अक्का उठल्या आणि गॅस बंद करायला गेल्या.

बदल केल्यावर परिणाम तपासायचा, ही गुंडूरावांची सवय होती. त्यांनी चष्मा पुसला आणि मघा अकरा भरलेली चित्रातली माणसे उजवीकडून डावीकडे पुन्हा मोजली.

बारा.