नदी आणि गाव

“आडनाव काय तुझं?” पाण्यातून अंगावर चालून येत काकासाहेबाने विचारले.

विशाखा गोदावरीतल्या एका खडकावर ट्रायपॉड रोवून उभी होती. हा प्रश्न कशासाठी विचारतात हे तिला शाळेत असल्यापासून ठाऊक होते. तिने कॅमेऱ्याचे बटण दाबून धरले. खटखट फोटो निघत राहिले. काकासाहेब, त्याच्यामागे त्याचे पाचसहा भाऊबंद, ताजी मुंडणे, तारवटलेले डोळे. या म्हणावं सगळे. संध्याकाळपर्यंत ही तोंडे साऱ्या जिल्ह्याच्या मोबाइलवर फिरवते, असे तिने मनाशी ठरवूनच टाकले.

“सकाळधरनं बसलोय आम्ही. तुझ्या या डबड्यापायी एक कावळा फिरकंना.”

“नदी सगळ्यांची आहे,” विशाखा म्हणाली.

“मग तिकडल्या अंगाला मर.” आणि त्याने लाथ घातली. कॅमेरा तिने जेमतेम काढून घेतला. ट्रायपॉड पाण्यात गेला.

अशी एक जागा ती किती दिवस शोधत होती, जिथून अख्खी वस्ती पाण्यात उलटी उतरलेली दिसेल. शहरात, पुंडलिकनगरातल्या तिच्या गच्चीवरून नुसत्या टाक्या दिसत. सलीम अली सरोवरावर झाडी आडवी आली, हर्सूलच्या तलावावर विजेच्या तारा. शेवटी पहाटेची एसटी धरून ती पैठणला आली, आणि या खडकावरून सगळे जुळले. घाटाच्या पायऱ्या, वर घरांची उतरंड, देवळांचे कळस, मागे नव्या इमारती, आणि खाली पाण्यात तेच सगळे उलटे. फक्त मधल्या पायरीवर कुणाचे तरी दहावे चालले होते. त्याला तिचा इलाज नव्हता.

ती चार खडक मागे सरकली, पण गेली नाही. तीही हट्टाला पेटली होती.

मेलेला कडुबा हा काकासाहेबाचा बाप. हे तिला बसल्या जागी कळले, कारण ती माणसे हळू बोलतच नव्हती. कडुबाची लेक सत्यभामा पायरीच्या कोपऱ्यात होती. नवऱ्याने टाकल्यापासून ती बापाच्या शेतात, विहिरीजवळच्या खोलीत राहत आली होती.

“दहावं उरकलं की खोली मोकळी कर,” काकासाहेब तिला चारचौघांत म्हणाला. “तुझी भांडीकुंडी बाहीर काढायला सांगितलीत मी.”

सत्यभामाने तोंडाला पदर लावला. जायचे कुठे, हे तिला कुणी विचारले नाही.

पत्रावळीवरचा भात वाळत चालला. पिंपळावर कावळे होते, पण खाली एकही येईना. “गुरुजी, दर्भाचा कावळा करा अन् शिवून टाका,” काकासाहेब म्हणाला. त्याला घाई होती.

पत्रावळीजवळ एक म्हातारी बसली होती. कडुबाची थोरली बहीण, आवडाबाई. मघाच्या भांडणातही ती जागची हलली नव्हती. आता ती पहिल्यांदा बोलली.

“गवताच्या कावळ्यानं भागत नसतं. माझ्या भावाचा जीव अडकलाय. कशात अडकलाय ते तुला ठावं हाय.”

“आत्या, तू मधी पडू नको.”

“मी कशाला पडू? कावळाच पडलाय की मधी.”

भाऊबंद एकमेकांची तोंडे पाहू लागले. बापाला घाटावर तिष्ठत ठेवणारा लेक म्हणून गावात नाव व्हावे, हे कुणाला हवे असते? मागून कुणीतरी पुटपुटले, “बोलून टाक ना बाबा.”

“मागं सरका सगळे,” आवडाबाई म्हणाली. “अन् तू बोल. मोठ्यानं.”

सगळे मागे सरले. काकासाहेबाने हात जोडले. दाढ उपटावी तसा एकेक शब्द निघाला. “तात्या, ती खोली अन् विहिरीकडचं दोन एकर सत्यभामाच्या नावावर करतो. या समद्यांसमोर बोलतोय.”

घाट चिडीचूप झाला. मग एक कावळा पिंपळावरून उतरला, मान वाकडी करून त्याने अंदाज घेतला आणि भातात चोच घातली. सत्यभामाला हुंदका आवरेना.

विशाखाच्या घरी हे काही करत नाहीत. गर्दी हटली, गलका थांबला, म्हणून कावळा आला, एवढे तिला सरळ दिसत होते. तिने मघाचे फोटो चाळायला घेतले. उट्टे काढायला एक पुरे होता.

तो सापडला. इतके दिवस शोधत होती तो हाच. कळस, घरे, पाण्यातले उलटे गाव, कोवळे ऊन, सगळे जिथल्या तिथे. पुढे काकासाहेबाचा वासलेला जबडा, मागे भाऊबंद, सगळे तिच्याकडे धावत येणारे. गुरुजीही मान वळवून इकडेच बघत होते. सत्यभामाचे तोंड पदरात होते. विशाखाने फोटो मोठा केला. त्या सगळ्यांच्या पाठीमागे, पत्रावळीवर, एक कावळा बसला होता. त्याच्या चोचीत भात होता.

म्हणजे काकासाहेबाने शब्द देण्याच्या कितीतरी आधीच कावळा शिवून गेला होता. आणि हातभर अंतरावर, हनुवटीखाली मूठ धरून, आवडाबाई त्याच्याकडे टक लावून बघत होती.

“ए पोरी.” काकासाहेब पुन्हा पाण्यात उतरला होता. “काय काय काढलंस ते दाखव आधी.”

विशाखाने त्याच्या खांद्यावरून घाटाकडे पाहिले. म्हातारी कॅमेऱ्याकडे बघत होती. इतक्या वेळात पहिल्यांदाच ती घाबरलेली दिसली.

विशाखाने बटण दाबले. मघाचे सगळे फोटो गेले, तोही गेला. भांडणाआधी काढलेले, नुसते पाण्याचे आणि घरांचे, तेवढे उरले. मग तिने कॅमेरा काकासाहेबापुढे धरला.

“नदी आणि गाव,” ती म्हणाली. “दुसरं काही आलंच नाही.”